घरात हंस बंद झाला

शुन्द, १४ ऑक्टोबर १९८८

ती. ताईस,
सिक-हंगचा सा. न. वि. वि.

शरदाच्या पुनवेला तू सिंगापूरहून पाठवलेला बिस्किटांचा डबा पोचला. झाकण वाटेत चेपलं होतं, बिस्किटं शाबूत होती. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पण ठीक नाही. घरात माझ्याशी कुणी खरं बोलत नाही.

कशावरून म्हणशील, तर घरात हंस बंद झाला आहे. घाटावरच्या दुकानातला तो शेकलेला हंस, ज्याच्यासाठी तू सुटीवर आलीस की बोटीतून उतरल्या उतरल्या पिशवी माझ्या हातात देऊन धावायचीस, तो. नुसता हंसच नाही. कोळंबी बंद, कोंबडा बंद, बांबूचे कोंब बंद. तू चाळीस वर्षं परक्यांच्या चुली सांभाळल्यास, तुला सांगायला नको की हे सगळे झोपलेलं दुखणं जागं करणारे पदार्थ आहेत. असली पथ्यं पडसं-खोकल्याला लावत नाहीत. आपल्या बाबांना शेवटच्या वर्षी लावली होती. आणि त्यांनाही आपण पोटात वारा धरलाय असंच सांगत होतो; तू तेव्हा रजेवर घरी आली होतीस, आठवतं ना?

झालं असं. पुनवेनंतर पुई-सान आम्हा दोघांना ग्वांगझूला घेऊन गेली. मला पोटात जळजळ होत होती, यिन-हाचं कुशीत दुखत होतं. लेक म्हणाली, एकाच खेपेत आई-बाबा दोघांची तपासणी उरकून टाकू. मला नळी गिळायला लावली, तिचं रक्त काढलं, दोघांचे फोटो काढले. निकाल आणायला पुई-सान एकटी गेली. परत आली ती डोळे सुजवून. म्हणाली, आईचं काही नाही, बाबांचं पोट तेवढं अशक्त आहे. आता तूच सांग, बापाच्या अशक्त पोटापायी कुणी डोळे सुजवून घेतं का?

तेव्हापासून यिन-हा रोज दुपारभर मंद आचेवर सूप ठेवते. डुकराच्या बरगड्या, वाळवलेल्या कंदाचे काप, कमळबिया, लाल बोरं आणि एक पिवळट मुळी. ती मुळी काय ते विचारलं तर म्हणते, वैद्यांनी सांगितलीय, तुम्ही गुपचूप प्या. एकट्यासाठी भांडं चढवायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून माझ्याबरोबर तीही तेच पिते आणि तेच पथ्य खाते. बिचारी माझ्या काळजीनं वाळली आहे. गेल्या वर्षीचा कोट तिला आता सैल होतो.

कामफाय पंख्यांच्या कारखान्यातून आला की चप्पल काढायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावतो आणि सूप संपलं का म्हणून विचारतो. हा माझा मुलगा मी जेवलो की उपाशी आहे हेसुद्धा कधी विचारत नव्हता.

मी उभा जन्म रेशमाच्या कोश खरेदी केंद्रावर तराजूपाशी काढला. ओले कोश सुके म्हणून घेऊन येणारा माणूस मी त्याच्या चालीवरून ओळखायचो. सध्या माझ्या घरात सगळेच तसे चालतात. सकाळी उठून मी आरशात जीभ बघतो. मधोमध पांढरा थर आहे. तू मला खरं सांग, हे सूप कशावर देतात?

तुझा लोभ आहेच. तो उत्तरातून कळू दे.
तुझा,
सिक-हंग


सिंगापूर, ३० ऑक्टोबर १९८८

चि. सिक-हंग यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र आलं. नेहमीप्रमाणे नाक्यावरच्या पत्रलेखकबुवांकडून लिहून घेते आहे, तेव्हा जास्त चावटपणा करता येणार नाही. तुझं पत्र त्यांनीच वाचून दाखवलं, आणि जिभेचा मजकूर आला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

तुला एकच दुखणं आहे आणि ते जन्मजात आहे. लहानपणी आई खिमट भरवायची तर तू चमच्याखाली काय दडलंय ते बघायचास. ते सूप अशक्त पोटालाच देतात. पिवळी मुळी अंगात बळ यावं म्हणून घालतात, कंद पोट शांत करतो. शरदाच्या कोरड्या हवेत माझ्या मालकीणबाईंच्या घरी आम्ही सर्वांनाच द्यायचो आणि त्यांच्यातलं कुणी मेलं नाही, उलट फार वर्षं जगून त्यांनी मला छळलं. राहिला हंस. या वयात तू हंसाचं आख्खं तंगडं एकट्यानं ओरपतोस, तेव्हा वैद्यांनी तो बंद केला नसता तर मीच केला असता.

आमच्या खोलीतल्या पाचजणींपैकी आता चौघी उरलो. आ-सामला गेल्या महिन्यात देवाज्ञा झाली. तिचे केस मीच विंचरून दिले.

यिन-हाला जपत जा. सूप पीत जा. आरसा भिंतीकडे तोंड करून ठेव.

आशीर्वाद आहेतच, ते पुन्हा पुन्हा काय लिहायचे.
ताई


सिंगापूर, ३० ऑक्टोबर १९८८

चि. पुई-सान,
आत्याचे आशीर्वाद.

हे मी स्वतः लिहिते आहे. अक्षरं वेडीवाकडी आहेत. रात्रीच्या वर्गात पन्नाशीनंतर शिकले, चालवून घे. बुवांच्या तोंडी हे जायला नको.

तुझ्या बापाला मी आत्ताच खोटं लिहून पाठवलं. अशक्त पोटाला पिवळी मुळी देतात हे खरं. पण कोंबडा, कोळंबी आणि हंस एकदम बंद होतात ते कशानं, हे मला कळतं आणि तुलाही कळतं. मी सोळाव्या वर्षी देवीपुढे माझी वेणी माझ्या हातानं घातली आणि लग्न करणार नाही म्हणून शपथ घेतली. त्यानंतर मला फसवायचा प्रयत्न पुष्कळांनी केला. कुणाला जमला नाही, तर तुला कुठून जमणार.

माझा एकच भाऊ आहे. तो किती दिवसांचा सोबती आहे ते लिही. मला बोटीचं, विमानाचं बघावं लागेल.

शंका आहे म्हणून रागावून लिहिलं. तुझ्यावरची माया तेवढीच आहे.
आत्या


ग्वांगझू, १३ नोव्हेंबर १९८८

ती. आत्यास,
पुई-सानचा शि. सा. न.

तुमचं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं ते बरं झालं. वर्गावर जायच्या आधी वाचलं आणि तास कसा घेतला ते माझं मला माहीत.

आत्या, बाबांना काही झालेलं नाही. त्यांचं पोट घोड्यासारखं आहे. जळजळ होती ती हंसाच्या चरबीची. दुखणं आईला आहे.

तिच्या पोटात गाठ आहे. वाईट आहे. डॉक्टर म्हणाले की काढता येईल, पण आत्ता तिच्या अंगात काही नाही, टेबलावरच जाईल. फेब्रुवारीतल्या नववर्षापर्यंत अंगावर मांस चढलं, रक्त सुधारलं, तर वसंतात शस्त्रक्रिया करतील. त्यापुढे उशीर झाला तर मग कुणी हात लावणार नाही. दवाखान्यानं दिलेल्या गोळ्या आम्ही तिला गुडघेदुखीच्या म्हणून देतो.

तिला सांगून टाकावं असं तुम्ही म्हणाल. आईची आई शस्त्रक्रियेनंतर आठवड्यात गेली. तेव्हापासून आई म्हणते की शरीर एकदा उघडलं की श्वास गळून जातो. तिला कळलं तर ती चाकूला तयार होणार नाही आणि जेवणही सोडेल. शिवाय तिचा स्वभाव तुम्ही जाणता. स्वतःसाठी ती एक अंडं फोडणार नाही, कालचा भात गरम पाण्यात घालून खाईल आणि पोट भरलं म्हणेल. पण बाबांसाठी म्हटलं तर दिवसभर चुलीपुढून हलणार नाही. म्हणून कामफायनं आणि मी ठरवलं की पथ्य बाबांच्या नावानं लावायचं. भांडं एकच असतं. ते पितात तर तीही पिते. वैद्यांनाही विश्वासात घेतलं आहे.

बाबा पथ्यावरून ताडतील हे आमच्या डोक्यात आलं नाही. त्यांना खरं सांगायची आमची हिंमत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर सगळं उमटतं, आई तासाभरात वाचेल. तुम्हीही सांगू नका, मी तुमच्या पाया पडते. सूप चालू राहिलं पाहिजे, एवढंच बघायचं आहे. गेल्या आठवड्यात आई थोडी भरल्यासारखी वाटली. कदाचित मला तसं वाटून घ्यायचं असेल.

या खोटेपणाबद्दल रागवा, पण लोभ कमी करू नका.
तुमची,
पुई-सान


शुन्द, २४ डिसेंबर १९८८

ती. ताईस,
सा. न.

तुझं नोव्हेंबरातलं चार ओळींचं पत्र मिळालं. कुणाला बरं नाही म्हटलं की तू पूर्वी उलटसुलट प्रश्न विचारून भंडावायचीस. या वेळी एकही प्रश्न नाही. तब्येतीची काळजी घे, सूप पी, हवा गार आहे. म्हणजे तुलाही कळवलेलं आहे आणि तूही त्यांना सामील आहेस. माझं आता तुझ्यावरही लक्ष आहे.

मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. मरायचंच असेल तर मी मुळ्या चघळत मरणार नाही. माझा गाणारा पक्षी शेजारच्या आ-कानला देऊन टाकला. सूप तोंडाला लावायचं, यिन-हा आत वळली की दाराशी नववर्षासाठी आणलेलं छोट्या संत्र्यांचं झाड आहे त्याच्या कुंडीत ओतायचं, असं सुरू केलं. ते झाड असं माजलं आहे की लोक थांबून बघतात. आणि थंडीच्या सणाला, घरात सगळे पिठाचे गोळे वळत बसले असताना, मी घाटावर जाऊन हंस खाल्ला. आख्खं तंगडं. आवळ्याच्या आंबटगोड चटणीत बुडवून.

यिन-हानं बाहीवरचा डाग पाहिला. मग कुंडी पाहिली. मला वाटलं, आता आकांत करील. तिनं काही केलं नाही. मातीत बोट घालून वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. दुसऱ्या दिवसापासून सुपाचं भांडं घासून पालथं घातलं आहे. आम्ही आता पेज आणि खारवलेली भाजी खातो. मी म्हटलं, तुझ्यापुरतं तरी कर. तर म्हणाली, माझ्यापुरतं कशाला.

मी जिंकलो, पण ताई, मजा वाटत नाही. कामफाय ते पालथं भांडं बघून अंगणात जाऊन उभा राहिला. काल पुई-सान आली आणि माझ्यावर ओरडली. जन्मात कधी ओरडली नव्हती. मरणाऱ्या बापावर कुणी असं ओरडतं का? मग मी मरणारा आहे की नाही? मला आता काहीच कळेनासं झालं आहे.

खरं लिहिणार असशील तर लिही. नाहीतर बुवांचे श्रम वाचव.
सिक-हंग


सिंगापूर, ६ जानेवारी १९८९

चि. सिक-हंग,

हे अक्षर बुवांचं नाही, माझ्या हातचं आहे. उभा असशील तर आधी बस.

तू मरत नाहीस. तुला काही झालेलं नाही. दुखणं यिन-हाला आहे. बाबांना होतं त्यातलंच, पण वेळ गेलेली नाही. अंगात ताकद आली तर वसंतात गाठ काढणार आहेत. पथ्य तिचं होतं, तुझ्या नावानं लावलं होतं, कारण तुझ्या नावाशिवाय ती काही खात नाही. जे सूप तू झाडाला पाजलंस ते तिच्यासाठी होतं.

मी पोरांना शब्द दिला नव्हता, तरी गप्प राहायचं ठरवलं होतं. आता राहवत नाही. तू भांडं पालथं घालायला लावलंस, ते तूच सुलटं कर. आजच पोट धरून बैस. चूक झाली म्हण, हंस बाधला म्हण, सूप माग. दुखणेकरी हो आणि चांगला हो. तिला कळू देऊ नकोस. तुला माहीत आहे हे मुलांना कळलं तरी चालेल, पण तोंड बंद ठेवलंस तर बरं.

तुझ्यावर रागावले नाही. माझंच चुकलं, ऑक्टोबरात विचारायला हवं होतं की दुसरी वाटी कोण पितं.

आशीर्वाद.
ताई


ग्वांगझू, १९ मार्च १९८९

ती. ताईस,
सिक-हंगचा सा. न. वि. वि.

इतके दिवस पत्र नाही म्हणून तू माझ्या नावानं खडे फोडले असशील. कारण होतं.

तुझं पत्र मी घाटावर बसून वाचलं. उठवेना. तिचा कोट सैल झाल्याचं मीच तुला लिहिलं होतं, आणि त्याचं कारण माझी काळजी असं ठरवून मोकळा झालो होतो. मुठीत कोश धरून ओलेपणा सांगणारा मी, रोज समोर जेवायला बसणारी बाई झिजत होती ते मला कळलं नाही. मी माझीच जीभ बघत बसलो होतो. मला माझी लाज वाटली, अजून वाटते.

घरी जाऊन तू सांगितल्याप्रमाणे पोट धरून कण्हलो. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उठून भांडं चुलीवर चढवलं. त्या दिवसापासून मी असा दुखणेकरी झालो की विचारू नकोस. आधी तू मीठ बघ म्हणायचो. मग म्हणायचो, एकट्याला जात नाही, तू अर्धी वाटी घे. मग म्हणायचो, मला मळमळतंय, उरलेलं टाकू नको, संपव. ती संपवायची. कामफायला माझा हा नवा उत्साह संशयास्पद वाटला, तो माझ्याकडे चोरासारखा बघायचा. मी त्याच्याकडे बघायचो. असे आम्ही नववर्षापर्यंत एकमेकांवर पाळत ठेवून होतो.

नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी पुई-सान माहेरी येऊन गेली. ती गेल्यावर यिन-हानं फडताळातून एक पुडकं काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. हंसाचं तंगडं होतं, घाटावरून आणलेलं. स्वतःपुढे तिनं सुपाची वाटी घेतली. मी म्हटलं, मला पथ्य आहे. तेव्हा ती म्हणाली,

“तुम्ही सोंग फार वाईट करता. दुखणेकरी माणूस दुसऱ्याच्या वाटीत किती उरलं ते बघत नाही. आणि मुलं तर पहिल्या दिवसापासून माझ्याच वाटीकडे बघतायत.”

तिला सगळं ठाऊक होतं, ताई. पुई-साननं पथ्य सांगितलं त्याच दिवशी तिनं दुखणं कोणतं ते ओळखलं. ओळखणार नाही कशी, बाबांच्या शेवटच्या वर्षी हेच भांडं तिनंच चढवलं होतं, आपण दोघं फक्त वाट्या नेऊन देत होतो. सुरुवातीला तिला वाटलं, खरंच मला झालंय. मग तिनं मुलांचे डोळे पाहिले. मुलं इतक्या कष्टानं खोटं बोलतायत तर आपण न कळल्यासारखं करून पीत राहू, असं तिनं ठरवलं.

मग भांडं पालथं का घातलंस, असं मी विचारलं. म्हणाली की कुंडीत सूप पाहिलं तेव्हा तिला वाटलं, तिच्या दुखण्याचं मला कळलं आहे आणि मी तिची आशा सोडली आहे. मग तिला एकटीला ते पिववेना.

मी तिच्यापुढे रडलो. आपल्या घरात पुरुष रडत नाहीत, तरी रडलो. ती म्हणाली, हंस गार होतोय. मी तो खाल्ला, तिनं सूप संपवलं. शस्त्रक्रियेला ती तयार झाली. भीती वाटते हेही तिनं सांगितलं. तिची अट एकच होती, की तिला माहीत आहे हे मुलांना सांगायचं नाही. त्यामुळे पुई-सान जेव्हा मान खाली घालून म्हणाली की आई, पित्ताचे खडे आहेत, काढून टाकू, तेव्हा यिन-हानं खड्यांविषयी इतके प्रश्न विचारले की बिचारी घामाघूम झाली. मी खिडकीबाहेर बघत होतो.

गेल्या सोमवारी गाठ काढली. डॉक्टर म्हणाले की वेळेवर आलात, पण पुढचं पावसाळ्यानंतर सांगू. श्वास गळून गेला नाही. शुद्धीवर आल्यावर तिनं आधी तो तपासून पाहिला, असं म्हणते.

जखम भरायला मरळ माशाचं सूप लागतं हे तुला सांगायला नको. मी पुई-सानकडे उतरलो आहे; ती दिवसभर शाळेत असते, म्हणून काल मी स्वतः बाजारातून जिवंत मरळ आणली. ती पिशवीतून उडी मारून जिन्यावरून तीन मजले खाली गेली, मी तिच्यामागे. आलं घालायचं ते आधी की नंतर हे मला माहीत नव्हतं, म्हणून दोन्ही वेळा घातलं. बाटलीत भरून बसनं दवाखान्यात नेलं. यिन-हानं एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि गिळायला तिला जरा वेळ लागला.

मग म्हणाली की आपण आता नक्की बऱ्या होणार, कारण तिचं स्वयंपाकघर असल्या माणसाच्या हाती ठेवून मरणं तिला जमणार नाही.

वाटी तिनं पुरी संपवली. मी बघत होतो.

आलं केव्हा घालायचं तेवढं उलटटपाली कळव, आणि लोभ जसा आहे तसाच राहू दे.
तुझा,
सिक-हंग